बंदराच्या तोंडाशी बिनतारी यंत्र

लहान बोटी वापरणाऱ्यांसाठी जी सुरक्षा-सूचनापत्रके निघतात, त्यांत एक ओळ हमखास असते : ‘व्हीएचएफ रेडिओ सोबत ठेवा.’ ओळ चुकीची नाही, पण फार अपुरी आहे. ती वाचून अशी समजूत होते की रेडिओ म्हणजे आगगाडीतली साखळी. संकट आले की ओढायची. ज्या बंदराच्या तोंडाशी वाळूचा दांडा आडवा पसरलेला असतो, तिथे ही समजूत जिवावर बेतू शकते.

असे का, हे समजायला आधी लाट समजून घ्यावी लागते. उथळ पाण्यात लाटेचा वेग खोलीच्या वर्गमूळाच्या प्रमाणात असतो. 10 मीटर खोलीवर तो सेकंदाला सुमारे 10 मीटर, तर अडीच मीटर खोलीवर सुमारे 5 मीटर. म्हणजे दांड्यावर आलेली लाट मंदावते, मागची मात्र अजून वेगात असते. लाटा एकमेकींच्या जवळ येतात, उंचावतात, आणि लाटेची उंची पाण्याच्या खोलीच्या जवळजवळ आठ दशांश झाली की ती फुटते. त्यातच ओहोटी असेल तर बाहेर पडणारे पाणी येणाऱ्या लाटांना सामोरे जाते आणि लाटा अधिकच उभ्या होतात. म्हणून तीच बोट, तोच दांडा, तोच वारा, पण भरतीच्या वेळी सुखरूप आणि ओहोटीत उलटी.

बोट उलटायला काही सेकंद पुरतात. त्या सेकंदांत सुकाणूवरचे हात सुटत नाहीत. बोट उलटली की अँटेना पाण्याखाली जाते, आणि खारे पाणी विद्युतवाहक असल्याने या लहरी त्यातून बाहेर पडत नाहीत. ज्या क्षणी रेडिओ उपयोगी पडेल असे पत्रक गृहीत धरते, नेमक्या त्याच क्षणी बोटीवर बसवलेला संच मुका झालेला असतो.

मग त्याचा उपयोग कधी? दांडा ओलांडण्यापूर्वी आणि ओलांडल्यानंतर. न्यूझीलंडमध्ये मानुकाऊ, काइपारा अशा बंदरांच्या तोंडाशी लहान बोटींनी कोस्टगार्ड या स्वयंसेवी संस्थेला आधी कळवावे, असा आग्रह धरला जातो : बोटीचे नाव, माणसे किती, कुठून कुठे, किती वाजेपर्यंत पलीकडे पोहोचू. पोहोचल्यावर पुन्हा कळवायचे. ठरल्या वेळेला आवाज आला नाही, तर किनाऱ्यावरचा माणूस शोध सुरू करतो. इथे संदेश कोणता? न आलेला आवाज! वेळ आधी ठरलेली असल्यामुळेच त्या मौनाला अर्थ येतो. पत्रके ‘कळवा’ एवढे सांगतात, कारण सांगत नाहीत. म्हणून लोक तो निव्वळ शिष्टाचार समजतात आणि घाईत विसरतात. ऑस्ट्रेलियाच्या न्यू साउथ वेल्स राज्यात दांडा ओलांडताना जीवरक्षक जाकीट कायद्याने सक्तीचे आहे. जाकीट माणसाला तरंगते ठेवते. त्याला शोधायला निघायचे आहे हे कुणाला तरी कळवण्याचे काम ते करत नाही.

बाहेरून आत येणाऱ्या नावाड्याची आणखी एक अडचण असते. त्याला लाटांच्या पाठी दिसतात आणि त्या गुळगुळीत भासतात. फुटणारा फेस पलीकडच्या बाजूला असतो. किनाऱ्यावरून पाहणाऱ्याला तो स्पष्ट दिसतो. ‘आत्ता दांड्यावर काय चालले आहे?’ हा प्रश्न विचारण्यासाठी रेडिओ हवा. 7 फेब्रुवारी 1863 रोजी ‘ऑर्फियस’ ही ब्रिटिश युद्धनौका याच मानुकाऊच्या दांड्यावर आदळली. 259 जणांपैकी 189 मेले. जहाज 1853 च्या नकाशावर विसंबून चालले होते आणि दहा वर्षांत वाळू सरकली होती. किनाऱ्यावरचे संकेतस्थानक खुणा करत होते, पण त्यांतून जहाज वेळीच वळले नाही. खुणेला उलट प्रश्न विचारता येत नाही. बिनतारी संभाषणाने ही उणीव भरून काढली, आणि आपण मात्र त्याला धोक्याची घंटा बनवून ठेवले आहे.

संच विकत घेताना लोक वॅट पाहतात. हातात धरायचा संच सुमारे 5 वॅटचा, बोटीवर बसवायचा 25 वॅटचा. पण हाक मारण्याचा 16 क्रमांकाचा चॅनेल 156.8 मेगाहर्ट्झवर आहे. त्याची तरंगलांबी दोन मीटरांहून किंचित कमी. या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात, त्यामुळे पल्ला ठरतो तो मुख्यतः अँटेनाच्या उंचीवर. दोन्ही बोटींवर अँटेना पाण्यापासून 2 मीटर उंच असेल तर अंतर सुमारे 12 किलोमीटर. किनाऱ्यावरची अँटेना 100 मीटर उंच टेकडीवर असेल तर तेच अंतर 47 किलोमीटरच्या आसपास जाते. मोठ्या लाटांच्या खळग्यात बोट उतरली की आवाज तुटतो, तोही याच कारणाने. मोबाइल आहे की, असे म्हणणाऱ्यांनी एवढे पाहावे : मोबाइलवरचे बोलणे एकालाच ऐकू जाते, 16 क्रमांकावरचे टापूतल्या, तो चॅनेल लावून बसलेल्या प्रत्येक बोटीला. मात्र बटण दाबलेलेच राहिले तर चॅनेल सगळ्यांसाठी बंद पडतो. हा दोषही पत्रकात लिहायला हवा.

आपल्याकडे मांडवीच्या मुखाशी आग्वादचा दांडा आहे. पावसाळ्यात तो बार्जेसना बंद असे आणि लोहखनिज कुंभारजुव्याच्या कालव्यातून झुवारीकडे नेत. म्हणजे दांडा गोव्या-कोकणातल्या मुलांना अनोळखी नाही. तरीही वर्गात लाटांचा धडा दोरी हलवून संपतो आणि विद्युतचुंबकीय लहरींचा धडा वर्णपटाच्या तक्त्यापाशी. एका तासाला दोन्ही एकत्र आणता येतील. एका गटाला बोट करा, दुसऱ्याला किनारा. बोटीने वेळ सांगून दाराबाहेर जायचे आणि परत कळवायचे नाही. किनाऱ्याने किती मिनिटे थांबायचे, हे मुलांनाच ठरवू द्या. लवकर शोध सुरू केला तर फुकट धावपळ, उशीर केला तर गार पाण्यातला माणूस. या प्रश्नावर वर्ग दोन तट पडून भांडेल, तर भांडू द्यावा.