‘पाँचवाँ मुकदमा’ : कबुली आणि स्वेच्छा

सआदत हसन मंटो (१९१२-१९५५) यांच्यावर अश्लीलतेचे पाच खटले झाले. तीन फाळणीपूर्वी, दोन पाकिस्तानात. शेवटच्या खटल्याची हकिकत त्यांनी ‘पाँचवाँ मुकदमा’ या लेखात सांगितली आहे. हा लेख सहसा मंटोंच्या विनोदबुद्धीचा नमुना म्हणून वाचला जातो. त्या विनोदाच्या ओघात कळीची घटना निसटून जाते : कराचीच्या न्यायालयात मंटोंनी गुन्हा कबूल केला. ही कबुली खरोखर स्वेच्छेची होती काय?

खटला ‘ऊपर, नीचे और दरमियान’ या कथेवर होता. उच्चभ्रू घरातील दांभिकतेवरचा हा उपहास जवळजवळ सर्वस्वी संवादांतून उलगडतो. मंटो राहत लाहोरला, खटला कराचीत. प्रकृती खालावलेली, हाती पैसा नाही. चौथ्या, ‘ठंडा गोश्त’च्या खटल्याचा अनुभव गाठीशी होता. त्यात फ़ैज़ अहमद फ़ैज़ यांच्यासारख्यांच्या साक्षी झाल्या. कनिष्ठ न्यायालयाने तीन महिने सक्तमजुरी व ३०० रुपये दंड सुनावला, सत्र न्यायालयाने निर्दोष ठरविले, तर उच्च न्यायालयाने पुन्हा ३०० रुपये दंड केला. कराचीत कबुलीनंतर केवळ २५ रुपये दंडावर प्रकरण मिटले.

मंटोंना कोणी धमकावले नव्हते, आमिषही दाखविले नव्हते. कायद्याच्या रूढ कसोटीवर ही कबुली ऐच्छिकच ठरेल. तथापि लेखाची साक्ष वेगळी आहे. त्यात पश्चात्तापाचा एक शब्द नाही. आहे ती लवकर सुटण्याची घाई. कबुली कथेच्या दोषाची नव्हे, लढण्याची ताकद संपल्याची आहे.

निकालानंतर दंडाधिकारी मेहदी अली सिद्दीकी मंटोंना कॉफी हाऊसमध्ये भेटले. ते त्यांना मोठा लेखक मानत. मग शिक्षा का, या प्रश्नाचे उत्तर त्यांनी वर्षभरानंतर देण्याचे सांगितले. लेखकाला थोर मानणे आणि एखादी कथा अश्लील ठरविणे यांत विसंगती नाही, हे मान्य करावे लागेल. परंतु कबुलीमुळे कथेची बाजू मांडलीच गेली नाही. मंटोंचा लेखही ती मांडत नाही. मिस्कीलपणाच्या आड ही हानी झाकली जाते. लेखाची ही उणीवच म्हटली पाहिजे.

आपल्याकडेही हा प्रश्न जुना आहे. सौम्य शिक्षेच्या आशेने दिलेल्या कबुलीवर आधारलेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये गुजरातमधील एका प्रकरणात रद्द केली. पुढे तडजोडीची कबुली कायद्याने स्वीकारली. ही तरतूद २००६ पासून अमलात आली व २०२३ च्या नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. आरोपीला एकांतात विचारून त्याची स्वेच्छा पडताळणे न्यायालयावर बंधनकारक आहे. मात्र ‘कोणी दबाव आणला का?’ एवढेच विचारून भागत नाही. ‘निर्दोष आहे असे म्हणणे तुला परवडते का?’ हेही विचारले पाहिजे. कराचीत हा दुसरा प्रश्न विचारला गेला असता, तर मंटोंचे प्रामाणिक उत्तर काय आले असते, ते हा लेखच सांगतो.