क्लिंगॉन: कोशाबाहेरचा संसार

क्लिंगॉन ही ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथामालेतील लढवय्यी जमात. १९८४च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषाशास्त्रज्ञ मार्क ओक्रँड यांनी तिची भाषा रचली. १९८५मध्ये तिचा कोश निघाला. हा कोश मी साहित्यकृतीसारखा वाचतो, कारण त्यात कोणते शब्द नाहीत यावरूनही त्याचा स्वभाव कळतो. अवकाशयानाच्या नियंत्रणकक्षाला इंग्रजीत ‘ब्रिज’ म्हणतात. त्याला कोशात शब्द होता. नदीवरच्या ‘ब्रिज’ला, म्हणजे साध्या पुलाला, तो २०१२मध्ये मिळाला. नमस्काराला शब्दच नाही; त्याजागी ‘नुकनेख’, म्हणजे ‘काय हवंय?’.

पटकथेला एवढे पुरेसे होते. पण माणसे ही भाषा बोलू लागली. १९९२मध्ये क्लिंगॉन लँग्वेज इन्स्टिट्यूट स्थापन झाली, १९९६मध्ये ‘हॅम्लेट’चा अनुवाद आला. त्याचे कौतुक आजही होते. मला मात्र खरी कसोटी घरात दिसते. नव्वदच्या दशकात एका अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाने मुलाच्या पहिल्या तीन वर्षांत त्याच्याशी क्लिंगॉनमध्ये बोलण्याचा प्रयोग केला. तेव्हा नेहमीच्या घरगुती वस्तूंनाच शब्द कमी पडले. सूड आणि रक्तपात या भाषेला पेलतो. लहान मुलाचा दिवस पेलणे अवघड जाते.

नवा मूळ शब्द ओक्रँड यांच्याकडूनच यावा, असा या भाषकांचा संकेत आहे. वार्षिक मेळाव्याच्या निमित्ताने मागण्या त्यांच्याकडे जातात. ते काही शब्द देतात. या शिस्तीमुळे भाषा सर्वांची एकच राहिली, हे मान्य. तरी रोजच्या जगण्याने एका माणसाच्या होकाराची वाट पाहावी, हे मला खटकते.

तशी वाट न पाहण्याची सोय ओक्रँड यांच्याच व्याकरणात आहे. ‘घोज’ म्हणजे शिकणे. त्याला ‘मोख’ हा प्रत्यय लागला की शिकवणे. पुढे ‘वि’ लागला की शिकवणारा. मराठी वाचकाला ही वाट ओळखीची वाटेल. नाम सापडले नाही, तर ती वस्तू काय करते ते क्रियापदाला प्रत्यय लावून सांगता येते. अशा प्रत्येक वाक्यात बोलणारा परवानगी न मागता भाषा वाढवतो. म्हणून क्लिंगॉनची श्रीमंती मोजताना मी ‘हॅम्लेट’ बाजूला ठेवीन आणि स्वयंपाकघरात कोणी काय बोलले ते आधी ऐकेन.