रिकामी खुर्ची आणि सम्यक स्मृती

पर्ल्स, हेफरलाइन व गुडमन यांच्या १९५१ च्या ग्रंथातून गेस्टाल्ट उपचारपद्धती पुढे आली. या क्षणी काय जाणवते, हा तिचा प्रश्न सतिपट्ठानातील वेदनानुपश्यनेच्या जवळचा आहे. रिकाम्या खुर्चीत अनुपस्थित व्यक्ती कल्पून तिच्याशी बोलल्याने दाबलेला राग शब्दांत येतो, हेही मान्य.

परंतु ठाण्यात वा डोंबिवलीत जात कळताच ज्याला भाड्याचे घर नाकारले जाते, त्या तरुणाने खुर्चीत कोणाला बसवावे? केवळ घरमालकाला? पार्श्वभूमीवाचून आकृती उमगत नाही, असे गेस्टाल्ट मानसशास्त्रच सांगते. उपचाराच्या खोलीत मात्र जातीची पार्श्वभूमी सहज दाराबाहेर राहते. बाबासाहेबांच्या १९५७ साली प्रकाशित झालेल्या धम्मग्रंथातील सिद्धार्थाला वर्गावर्गांतील संघर्षात दुःखाचे मूळ दिसते. पर्ल्सच्या पद्धतीत तेवढी जागा नाही.