शेपटीतला सूर

कॅलिफोर्नियाच्या किनारपट्टीवर बारा महिने दिसणारा अ‍ॅनाज हमिंगबर्ड फांदीच्या शेंड्यावर बसून गातो, तेव्हा कानाला फारसं काही लागत नाही. घरघर, चिरचिर, मध्येच एखादी बारीक शिट्टी. जेमतेम चार-पाच ग्रॅमचा जीव, त्याच्याकडून आणखी काय मागायचं, म्हणून आपण पाठ फिरवावी आणि नेमका तेव्हाच हा नर हवेत उठावा! मैफल खरी तिथून.

सुमारे 30 मीटर तो वर चढतो. खाली झुडपात मादी बसलेली. मग तिच्या रोखानं स्वतःला झोकून देतो. आधी पंख मारून वेग घेतो, नंतर पंखच मिटून टाकतो. वेग सेकंदाला 27 मीटरच्या आसपास पोचतो. शरीराच्या लांबीशी ताडून पाहिला, तर सूर मारणारा बहिरी ससाणाही याच्या मागे पडेल. तळाशी पंख उघडून वर वळताना गुरुत्वाकर्षणाच्या जवळजवळ नऊपट ताण अंगावर येतो. त्याच वळणावर, मादीच्या डोक्यावरून जाताना, एक टोकदार चीत्कार उमटतो. अख्ख्या झेपेत ठळक स्वर हा एकच, आणि तो समेवर.

हा चीत्कार गळ्यातला की पिसांतला, यावर अभ्यासकांत मतभेद होते. 2008 साली ख्रिस्तोफर क्लार्क आणि टेरेसा फिओ यांनी काही नरांच्या शेपटीतली कडेची पिसं उपटून किंवा छाटून पाहिली. नर सूर मारत राहिले, चीत्कार मात्र गेला. हवेच्या झोतात धरलेलं सुटं पीसही तोच स्वर देत होतं. शेपूट पसरलेली राहते सेकंदाच्या साधारण सोळाव्या हिश्शापुरती, आणि तेवढ्यात पिसाची कड सेकंदाला सुमारे 4000 वेळा थरथरते. स्वर लांबवायचा मोह नाही, हे मला फार आवडतं.

गळ्यावरची गुलाबी-तांबडी झळाळी अशीच क्षणाची. ती रंगद्रव्याची नव्हे; पिसांतल्या सूक्ष्म थरांवर ऊन ठरावीक कोनातून पडलं तरच पेटते, एरवी काळपट. म्हणून लख्ख उन्हात नर सूर्य समोर धरून झेप घेतो.

वाळवंटातल्या कॉस्टाज हमिंगबर्डची तऱ्हा वेगळी. तोही शेपटीनंच वाजतो, पण मादीच्या बाजूनं निघून जातो. सरळ अंगावर आला असता, तर आधी चढी आणि मग उतरती होणारी पट्टी ऐकून त्याचा वेग उघड झाला असता. बाजूनं गेल्यामुळे वेग झाकला जातो. चलाख आहे खरा. पण मला अ‍ॅनाजचं समोरून येणंच अधिक पसंत.

अर्थात माझ्या पसंतीला विचारतो कोण! कोळ्याच्या जाळ्यानं घरटं बांधायचं, दोन अंडी उबवायची, पिलं भरवायची, सगळं मादीनं एकटीनं. नराकडून मिळणार फक्त बीज. ती चोखंदळ असणारच. आणि तोही एका झेपेवर थांबत नाही. लगोलग पुन्हा वर चढू लागतो.