बिनतारी राखण

मराठी समीक्षकांनी एका वाङ्मयप्रकारावर फार मोठा अन्याय केलेला आहे. कथा, कादंबरी, कविता, नाटक, झालंच तर दिवाळी अंकांतलं राशिभविष्य, या सगळ्यांची कुठे ना कुठे दखल घेतली जाते. पण वस्तूबरोबर खोक्यात फुकट येणारी माहितीपुस्तिका वाङ्मय म्हणून कोणी वाचत नाही. तुम्ही म्हणाल, माहितीपुस्तिका म्हणून तरी कोण वाचतो? तेही खरंच. मिक्सरची पुस्तिका मिक्सर बिघडल्यावर सापडत नाही आणि मिक्सर भंगारात दिल्यावर सापडते. तरीसुद्धा आज मी अशाच एका ग्रंथाचं परीक्षण करायला बसलो आहे. माझी पात्रता विचाराल, तर मी बी.कॉम. आहे आणि वीस वर्षं बँकेत क्लार्क आहे. (२०२४ सालच्या वेतनकरारापासून आम्हाला 'कस्टमर सर्व्हिस असोसिएट' म्हणतात. काउंटरच्या पलीकडचे लोक मात्र अजून 'अहो, शुक् शुक्' असंच म्हणतात.) हेड ऑफिसची परिपत्रकं वीस वर्षं वाचून ज्याची शुद्ध हरपलेली नाही, त्याला जगातला कुठलाही ग्रंथ वाचता येतो.

प्रस्तुत ग्रंथ म्हणजे घराच्या राखणीसाठी मिळणाऱ्या बिनतारी अलार्मची माहितीपुस्तिका. तिची मालकी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंची. काकू सत्तरीच्या, एकट्या राहतात. मुलगा न्यूजर्सीला असतो. मागच्या दिवाळीत तो डोंबिवलीला आला, दोन दिवस भिंतींना भोकं पाडली, आणि जाताना पुस्तिका माझ्या हातात ठेवून म्हणाला, "दादा, तुम्ही बँकेत आहात. तुम्हाला सिक्युरिटीतलं कळतं." बँकेतल्या माणसाला सिक्युरिटीतलं कळतं हा समज अजून टिकून आहे, हे वाचून आमच्या मॅनेजरसाहेबांना भरून येईल.

आधी पात्रपरिचय करून देतो. नायक म्हणजे पॅनल. हा दिवाणखान्यात टीव्हीशेजारी भिंतीवर बसतो, घरच्या विजेवर जेवतो आणि वीज गेली की पोटातल्या बॅटरीवर काही तास काढतो. त्याच्या पोटात एक सिमकार्डही असतं. संकट आलं की दिलेल्या नंबरांवर तो एकामागून एक फोन लावतो. मात्र सिमचं रिचार्ज संपलेलं असेल, तर नायक जागच्या जागी नुसता तडफडतो.

दुसरी जोडी दारावरची. चौकटीवर एक डबी आणि दाराच्या फळीवर दुसरी. एकीत लोहचुंबक, दुसरीत काचेच्या नळीत बंद केलेल्या दोन नाजूक धातूच्या पात्या. याला रीड स्विच म्हणतात. चुंबक जवळ असला की पात्या एकमेकींना बिलगून असतात आणि घरात शांतता नांदते. दार उघडलं, चुंबक लांब गेला, की पात्या सुटतात आणि डबी पॅनलकडे बिनतारी टाहो फोडते. मीलनात शांतता आणि विरहात किंकाळी! आमच्या संगीत रंगभूमीनं पिढ्यान् पिढ्या याच सूत्रावर पदं म्हटली, फक्त त्याला पेटंट घेतलं नाही. दोघांमधलं अंतर एक सेंटिमीटरहून जास्त नसावं, अशी पुस्तिकेची सक्त सूचना आहे. ही सूचना लिहिणारा गृहस्थ जुलै महिन्यात डोंबिवलीत राहिलेला दिसत नाही. पावसाळ्यात लाकडी दार फुगतं, चौकटीत पुरतं बसत नाही, आणि वारा आला की बोटभर मागे सरतं. दार ढकलून बंद केल्याचं समाधान आपल्याला, आणि विरह चुंबकाला.

तिसरं पात्र कोपऱ्यात छताजवळ बसतं. त्याचं नाव पी.आय.आर. सेन्सर. याला लोक डोळा समजतात, पण याला दिसत काही नाही. याला ऊब कळते. आपल्या अंगातून निघणारे अवरक्त किरण भिंगातून त्याच्या पोटात जातात. आत दोन कप्पे असतात. ऊब एका कप्प्यावरून दुसऱ्यावर सरकली की माणूस हलला असं तो धरून चालतो. त्यामुळे त्याच्यासमोरून आडवा जाणारा माणूस त्याला लगेच कळतो आणि सरळ त्याच्याकडे चालत येणारा उशिरा. आमच्या शाखेत असे एक साहेब होते. अर्ज घेऊन समोर उभा राहिलेला त्यांना दिसत नसे, पण चहाला आडवा सटकणारा नेमका दिसे. या सेन्सरला काचेपलीकडचं कळत नाही, आणि खोली अंगाइतकीच तापली तर माणूस कुठला नि भिंत कुठली हे ओळखणं त्याला जड जातं. नागपूरकरांनी मे महिन्यात त्याच्या भरवशावर राहू नये. उलट भिंगावरून एखादं झुरळ फिरायला निघालं, तर तो दरोडा पडल्यासारखी बोंब मारू शकतो.

ही मंडळी एकमेकांशी बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरींवर बोलतात. स्वस्त संचात हे बोलणं एकतर्फी असतं. सेन्सर ओरडतो आणि गप्प बसतो. पॅनलनं ऐकलं की नाही, हे विचारत नाही. हेड ऑफिसची परिपत्रकं नेमकी याच तत्त्वावर निघतात. महाग संचात पॅनल उलट पोच देतो. पुस्तिकेत हा फरक सांगितलेला नाही, कारण संच स्वस्तातला आहे.

आता कथानक. घराबाहेर जाताना रिमोटवरचं 'अवे'चं बटण दाबायचं आणि तीस सेकंदांत बाहेर पडायचं. तीस सेकंदांत घराबाहेर पडणारं मराठी कुटुंब मी अजून पाहिलेलं नाही. गॅस बंद केला का, देवापुढची निरांजन विझली का, चष्मा कुठाय, आणि चपला घातल्यावर "दोन मिनिटं हं, दूध फ्रिजमध्ये ठेवते". एवढ्यात यंत्राच्या दृष्टीनं आपण चोर झालेलो असतो. घरातच राहून रात्री निजताना 'स्टे' दाबायचं. मग दारं जागी राहतात आणि आतला सेन्सर झोपतो. परत येताना पुन्हा काही सेकंदांची मुदत असते, तिला 'एंट्री डिले' म्हणतात. आम्ही कॉमर्सवाले डबल एंट्रीवर वाढलो. इथे सिंगल एंट्री आहे, पण ती चुकली तर अख्खी इमारत ऑडिटला येते.

पासवर्ड कारखान्यातून '१२३४' असा येतो आणि तो ताबडतोब बदलावा, असं पुस्तिका ठळक अक्षरांत सांगते. काकूंनी तो बदलला आणि विसरू नये म्हणून पॅनलशेजारच्या कॅलेंडरवर लिहून ठेवला. एटीएम कार्डाच्या पाठीवर पिन लिहून आणणारी गिऱ्हाईकं रोज पाहणाऱ्या मला यात नवल वाटलं नाही. ग्रंथातला एकच खरा नाट्यमय प्रसंग तळटीपेत दडवलेला आहे. चोरानं सुरी दाखवून "भोंगा बंद कर" म्हटलं, तर एक वेगळा पासवर्ड दाबायचा. भोंगा थांबतो, चोर खूश होतो, आणि पॅनल चोरून फोन लावतो. इतकी सुंदर कल्पना आणि तिला अडीच ओळी!

इथे समीक्षक म्हणून माझा पहिला आक्षेप. अठ्ठेचाळीस पानांच्या या नाटकाला खलनायकच नाही. चोर कोण, कसा येतो, त्याचं कसब काय, याबद्दल एक अक्षर नाही. आमच्या परंपरेत असं नव्हतं. शूद्रकाच्या 'मृच्छकटिका'तला शर्विलक काय देखणा चोर आहे! भिंतीला भगदाड पाडताना मापाची दोरी विसरला, तर जानव्यानं माप घेतो. सकाळी चारुदत्त ते भगदाड बघून त्याच्या कारागिरीचं कौतुक करतो. आणि दागिन्यांचा डबा? तो शर्विलकाला शोधावाही लागत नाही. मैत्रेय झोपेत बरळत स्वतःच्या हातानं तो त्याच्या स्वाधीन करतो. अशा घरात रीड स्विच लावून काय उपयोग?

हसू नका. मैत्रेयानं झोपेत दिलं. आपण जागेपणी देतो. फोनवर कोणी गोड आवाजात "बँकेतून बोलतोय" म्हणतो आणि शिकलेली, सवरलेली माणसं त्याला ओटीपी वाचून दाखवतात. मग माझ्या काउंटरसमोर येऊन उभी राहतात. त्यांच्या चेहऱ्याकडे बघवत नाही. त्यांना तेवढंच सांगतो, की आधी १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडकवून ठेवायची आशा जास्त. त्या माणसांच्या घराचं दार बंद होतं, कडी होती, सेफ्टी डोअर होतं. चुंबक आणि पात्या मीलनसुखात दंग होत्या. चोर दारातून आलाच नाही.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. ग्रंथाचं शेवटचं प्रकरण छापायचं राहून गेलं आहे.

मागच्या जुलैत आमच्या इमारतीत काकूंचं दार फुगलं आणि आठवड्यातून तीनदा भोंगा वाजायला लागला. खोक्यावर ११० डेसिबल लिहिलंय, ते खोटं नाही. पहिल्या रात्री सगळी इमारत काठ्या-लाटणी घेऊन जमली. दुसऱ्या रात्री फक्त सेक्रेटरी आले. तिसऱ्या रात्री लोकांनी कूस बदलली. लांडगा आला रे आला, ही गोष्ट आपण सगळे चौथीच्या आतच शिकतो, पण ती मेंढपाळाच्या पोराची म्हणून शिकतो. भोंग्याची म्हणून नाही.

मग एका पहाटे काकू न्हाणीघरात घसरून पडल्या. त्या वेळी मी लग्नाला कोल्हापूरला होतो, हे परत आल्यावर कळलं. रिमोट गळ्यात होता. त्यावरचं 'एस.ओ.एस.' बटण त्यांनी दाबलं. भोंगा वाजला आणि इमारत म्हणाली, "काकूंचं दार." पॅनलनं पहिला नंबर लावला, तो न्यूजर्सीला. तिथे संध्याकाळचे साडेसात. मुलानं घाबरून इथे ज्याला त्याला फोन लावले. पहाटे पाचला अनोळखी परदेशी नंबर कोण उचलतो? शेवटी आला तो दूधवाला. तो काही सुरक्षा व्यवस्थेचा भाग नव्हता. पण त्याला ठाऊक होतं, की या दारात रोज पिशवी घ्यायला एक हात पुढे येतो आणि आज तो आलेला नाही. त्यानं दार बडवून सेक्रेटरींना उठवलं. काकूंचं मनगट मोडलं होतं, यापेक्षा जास्त काही नाही. मी भेटायला गेलो तेव्हा प्लॅस्टरातला हात उशीवर ठेवून म्हणाल्या, "अरे, त्यापेक्षा बादलीवर तांब्या बडवला असता तर लवकर आले असते लोक. रोजचा आवाज नाही ना तो!"

अलार्मचा इतिहास वाचला तर काकूंचं म्हणणं जुनंच आहे. १८५३ साली, म्हणजे बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी गेली त्याच साली, अमेरिकेत बोस्टनजवळ ऑगस्टस पोप नावाच्या गृहस्थानं विजेवर चालणाऱ्या अलार्मचं पेटंट घेतलं. दार उघडलं की घंटा वाजायची, आणि दार पुन्हा लावलं तरी थांबायची नाही. १८५७ साली एडविन होम्सनं ते हक्क विकत घेतले. त्यानं पुढे केलेली गोष्ट मात्र जास्त मोठी होती. घराघरांतल्या तारा त्यानं एका ठिकाणी आणल्या आणि तिथे माणूस बसवला. १९६९ साली न्यूयॉर्कच्या मेरी व्हॅन ब्रिटन ब्राऊन या नर्सला घरातल्या कॅमेऱ्याच्या राखणीचं पेटंट मिळालं. त्यांच्या रचनेतही दारातला माणूस पडद्यावर दिसायचा आणि मदतीसाठी बटण होतं. बटणाच्या पलीकडे कोणीतरी ऐकणारं असणार, हे गृहीत होतं. आता तार गेली, त्याला माझी हरकत नाही. तारेबरोबर पलीकडचा माणूस गेला, त्याला आहे.

बँकेत आम्ही सायरन ठरल्या दिवशी वाजवून बघतो, रजिस्टरात नोंद करतो, सही करतो. ते राहून गेलेलं शेवटचं प्रकरण तेवढंच आहे, आणि ते आता पुस्तिकेच्या कोऱ्या पानावर काकूंच्या डाव्या हातच्या अक्षरात लिहिलेलं आहे. सुतारानं दार तासलं. पॅनलमधला पहिला नंबर वरच्या मजल्यावरचा, म्हणजे आमचा. दुसरा सेक्रेटरींचा, तिसरा दूधवाल्याचा आणि चौथा न्यूजर्सीचा. दर रविवारी सकाळी अकराला चाचणीचा भोंगा. त्या वेळेखेरीज वाजला तर आधी माणूस जिन्यात, मग चर्चा. आणि वेळ पडलीच तर ११२.

एकंदरीत ग्रंथ उपयुक्त आहे. मुखपृष्ठावर हसऱ्या कुटुंबाचं चित्र असून त्यांच्या घरात भोंगा अजून वाजलेला नाही, हे उघड दिसतं. छपाई इतकी बारीक, की ज्यांच्यासाठी यंत्र घेतलं जातं त्या वयाच्या माणसांना ती वाचता येऊ नये. मुद्रणदोष पुष्कळ, एके ठिकाणी सेन्सरला 'सेन्सॉर' म्हटलेलं आहे, पण आवाज बंद करण्याचं प्रकरण असल्यामुळे ते खपून जातं. तरीही प्रत्येक घरानं संग्रही ठेवावा असा हा ग्रंथ आहे. फक्त एक प्रत, आणि दाराची एक किल्ली, शेजाऱ्याकडे असावी.