‘पाठलाग’मधील शोधकर्ता : मराठी रहस्यपटाची एक चिकित्सा

प्रास्ताविक :
मराठी वाचकाला खाजगी गुप्तहेर अपरिचित नव्हता. हजाराहून अधिक रहस्यकथा लिहिणाऱ्या बाबूराव अर्नाळकरांनी धनंजयासारखा गुप्तहेर लोकप्रिय केला होता. मात्र ‘लाखाची गोष्ट’ (१९५२), ‘जगाच्या पाठीवर’ (१९६०) अशा कृतींनी मराठी चित्रपटाचे वैभवयुग घडविणाऱ्या राजा परांजपे यांनी १९६४ मध्ये ‘पाठलाग’ हा रहस्यपट दिला, तेव्हा शोधाचे काम गुप्तहेराकडे सोपविले नाही. या निवडीने काय साधले व काय निसटले, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

विवेचन :
जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवर हा चित्रपट आधारलेला आहे. एका वकिलाची पत्नी मरण पावते. पुढे पकडली गेलेली, हुबेहूब तिच्यासारखी दिसणारी स्त्री आपणच त्याची पत्नी असल्याचे सांगते. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या भूमिकांतून हा संघर्ष उभा राहतो.

खाजगी गुप्तहेर हा तिऱ्हाईत असतो. सत्य कोणत्याही बाजूचे निघाले तरी त्याचे घर मोडत नाही. येथे शोधकर्ता हाच बाधित पक्ष आहे. पुरावा म्हणून पुढे येतात त्या बोटांच्या खुणा नव्हेत, तर पतिपत्नींनाच ठाऊक असलेल्या आठवणी. त्यामुळे ‘गुन्हा कोणी केला’ या प्रश्नाची जागा ‘ही कोण’ हा प्रश्न घेतो आणि रहस्यकथेला कौटुंबिक शोकनाट्याची खोली लाभते. हे चित्रपटाचे निर्विवाद यश होय.

परंतु याच रचनेत एक विषमता दडलेली आहे. संशय घेण्याचा अधिकार पतीकडे आणि स्वतःला सिद्ध करण्याचा भार पत्नीवर आहे. जुळ्या बहिणीच्या उलगड्याने कोडे सुटते. मात्र सहवासातून आलेली ओळख इतकी दुबळी का ठरली, याचे उत्तर पतीला द्यावे लागत नाही. तटस्थ गुप्तहेर असता, तर त्याने पतीलाही प्रश्न विचारले असते.

राज खोसला यांच्या ‘मेरा साया’ (१९६६) या हिंदी रूपांतरात रंग, उदयपूरचा परिसर व वैभव यांची भर पडली. ही विषमता मात्र तशीच राहिली. म्हणजे ती मांडणीतील नसून कथाबीजातीलच आहे.

समारोप :
‘पाठलाग’ला १९६४ च्या राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा मान मिळाला, तो सार्थ आहे. तथापि, साखरखेर्ड्यासारख्या ग्रामीण भागातील महाविद्यालयांत लोकप्रिय कलाकृती अभ्यासताना केवळ रहस्याच्या उकलीवर थांबणे पुरेसे नाही. शोध कोण घेतो आणि सिद्ध कोणाला व्हावे लागते, हा प्रश्न विचारला तरच रहस्यपट समीक्षेचा गंभीर विषय ठरू शकतो.