बारा शब्द आणि एक ताम्रपट

मागच्या वेळी इथे शेलारमध्येच बोलणं संपल्यावर एका यंत्रमागवाल्या घरातल्या तरुणाने आम्हाला दारात गाठलं. "सर, थोडं बिटकॉइन घेतलंय. मुलगी दोन वर्षांची आहे, ती कॉलेजात जाईपर्यंत हात लावायचा नाही. ठेवू कुठे?" आम्ही "बँकेत" म्हणून मोकळे होणार होतो. पण बँकेच्या खात्यात ती वस्तू मावतच नाही. मग आम्ही या विषयावरचे सल्ले वाचायला बसलो. आजचं बोलणं म्हणजे त्या सल्ल्यांवरची आमची टीका, एवढंच समजा.

या सल्ल्यांचा मूळ मंत्र एकच आहे: चावी तुमच्या हातात नसेल, तर नाणंही तुमचं नाही. म्हणजे एक्स्चेंजच्या भरवशावर ठेवू नका. यात तथ्य आहे, नाही असं नाही. 18 जुलै 2024 रोजी वझीरएक्स या मुंबईच्या एक्स्चेंजमधून सुमारे 23 कोटी डॉलरचा ऐवज गेला. तिथलं कुलूप काही साधं नव्हतं. एकाहून अधिक जणांच्या सह्या झाल्याशिवाय पैसे हलणार नाहीत अशी व्यवस्था होती. तरी गेले. पुढे जानेवारी 2025 मध्ये अमेरिका, जपान आणि दक्षिण कोरियाने उत्तर कोरियाच्या हॅकरांवर ठपका ठेवला. पण ज्यांचे पैसे अडकले त्यांना त्याने काय दिलासा मिळणार?

तेव्हा मंत्राचा पहिला अर्धा भाग आम्हाला मान्य. आमची हरकत पुढे आहे. बघा, "ठेवणं" हा शब्दच इथे फसवा आहे. नाणं तुमच्या डबीत कधीच नसतं. त्याची नोंद जगभरच्या संगणकांवर असते, उघड, कुणीही पाहावी अशी. तुमच्याकडे असतो तो एक प्रचंड मोठा गुप्त आकडा. माणसाला तो लिहिता यावा म्हणून 2013 साली एक पद्धत मांडली गेली: 2048 शब्दांची ठरलेली यादी आणि तिच्यातून निघालेले 12 किंवा 24 शब्द, ठरलेल्या क्रमाने. यंत्र कामवारीत पडलं तरी बिघडत नाही. नवं आणा, शब्द घाला, सगळं परत. यंत्रही गेलं आणि शब्दही गेले, तर मात्र संपलं. म्हणजे आपण जपतो आहोत ती वस्तू नव्हे, ते एक ज्ञान आहे. सोनं चोरीला गेलं तर कपाट रिकामं दिसतं. ज्ञान चोरीला गेलं तर कागद जागच्या जागी असतो.

म्हणून सल्ले सांगतात, शब्दांचा फोटो काढू नका, मेलवर ठेवू नका, कागदावर हाताने लिहा, आणि जमलं तर पोलादी पट्टीवर ठोकून घ्या. पेन ड्राइव्हवर वीस वर्षं विसंबू नका, त्यातला भार हळूहळू गळतो. पोलाद कशासाठी, हे भिवंडीकराला वेगळं सांगायला नको. 26 जुलै 2005 चं पाणी आपण पाहिलंय, गोदामांच्या आगी पाहतोच.

आता धातूवर लिहून ठेवण्याची कला या तालुक्याला नवीन नाही. शिलाहार राजा अपराजिताने शके 919, म्हणजे इ.स. 997 मध्ये, आपलं भादाणे गाव लोनाडच्या लोणादित्य देवाला दिलं, त्याचा ताम्रपट प्रसिद्ध आहे. मजकूर हजार वर्षं टिकला. पण तो कुणाला सापडला म्हणून भादाणे गाव त्याचं झालं नाही! कारण ताम्रपट ही साक्ष आहे. देणारा कोण, घेणारा कोण, हे त्यात सांगितलेलं असतं, आणि ते जितक्या लोकांना माहीत तितका तो बळकट. बारा शब्दांचं नेमकं उलट. त्यात कुणाचं नाव नाही. ज्याने वाचले तो धनी, आणि जितक्यांना माहीत तितका धोका.

आमची खरी टीका इथे आहे. हे सगळे सल्ले चोराचा विचार करून लिहिलेले आहेत. मरणाचा विचार त्यांत शेवटच्या ओळीत येतो. पण वीस वर्षांचा हिशेब मांडायचा तर चोर येईल न येईल, विसर आणि आजारपण येणारच. पुरलेला हंडा निदान कधीतरी नांगराला लागतो. हे शब्द कुणाच्याही नांगराला लागणार नाहीत. बँकेत ठेव दहा वर्षं बेवारस पडली तर ती रिझर्व्ह बँकेच्या निधीत जाते, आणि त्यानंतरही वारसाला मागता येते. इथे मागायचं कुणाकडे? ऑक्टोबर 2025 मध्ये मद्रास उच्च न्यायालयाने क्रिप्टो ही मालमत्ता आहे असं म्हटलं, चांगलं झालं. पण न्यायालय मालकी ठरवू शकतं. शब्द कुठून आणणार?

पुण्यात काय झालं आठवा. गेनबिटकॉइन प्रकरणातला मुख्य आरोपी जानेवारी 2022 मध्ये वारला. मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाला त्याच्या भावाकडे वॉलेटचं युजरनेम आणि पासवर्ड मागावा लागला. आणि त्याच महिन्यात पुणे पोलिसांनी, 2018 च्या तपासात स्वतःच मदतीला घेतलेल्या दोन तज्ज्ञांना अटक केली. आरोप असा, की तपासातलं चलन त्यांनी वळवलं. माणसावर विश्वास ठेवायची गरजच उरणार नाही, असं म्हणणाऱ्या तंत्राची ही गत!

आता "तीनपैकी दोन" ही युक्ती निघाली आहे. गुपिताचे तीन वाटे करायचे, कुठलेही दोन जुळले की काम होतं. गणित पक्कं आहे. अदी शामीर यांनी 1979 मध्येच ते मांडलं. (बारा शब्दांचा कागद फाडून सहा-सहा करणं म्हणजे ही युक्ती नव्हे, हां. त्यात एक तुकडा हरवला की दोन्ही वाया.) पण तीन वाटे कुणाकडे? एक घरी, एक कल्याणच्या भावाकडे, एक वकिलाकडे. म्हणजे फिरून आलो भाऊ, वकील आणि घरच्यांवर. आम्हाला यात कमीपणा वाटत नाही. फक्त सल्ले देणाऱ्यांनी हे पहिल्या पानावर कबूल करावं.

त्या तरुणाला आम्ही एवढंच सांगितलं: आधी अगदी थोडी रक्कम ठेव. यंत्र कोरं कर. शब्द आणि एक चिठ्ठी बायकोच्या हाती दे आणि बाहेर चहा पीत बस, बोलू नकोस. तिला परत मिळवता आलं तर ठेवण जमली. जिथे अडेल ते चिठ्ठीत घाल. शब्द इंग्रजीच लिही, मराठी यादी अजून नाही. पहिली चार अक्षरं बरोबर असली तरी शब्द ओळखता येतो.

तो जरा वेळ गप्प राहिला. म्हणाला, "सर, घेतलंय हेच तिला अजून सांगितलेलं नाही."